पैलवानाची टाकी

मी पाण्याच्या टाक्यांचे आराखडे करणारा इंजिनिअर आहे, ही गोष्ट आमच्या घरात आता कुणी पाव्हण्यांना सांगत नाही.

पूर्वी सांगायचे. खानापूरकडं जाताना रस्त्यात कुठं उंच टाकी दिसली, की माझी आई बसमधल्या शेजारणीला कोपर मारून म्हणायची, "माझ्या ल्योकानं केलीया ती!" (त्यातल्या निम्म्या मी केलेल्या नव्हत्या. पण आईला अडवणार कोण?) गावंच्या गावं पाणी पितील अशा टाक्या मी केल्या, आणि त्यातली एकही आजवर गळलेली नाही. फजिती झाली ती बोटभर माशापुढं.

मासा आला तो मुक्ताच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या वाढदिवसाला. तिच्या मामानं निपाणीहून आणला. फायटर मासा. मोरपंखी अंग, लांबलचक शेपूट, पोहताना असा डौल की लग्नातली करवली पदर सावरत चालली आहे. पण स्वभाव असा, की दुसरा फायटर नुसता दिसला तरी कल्ले फुगवून अंगावर जाणार! वडगावातल्या आमच्या घरात त्याचं नाव ताबडतोब 'पैलवान' पडलं. मामानं त्याला मुरांब्याच्या बरणीएवढ्या काचेच्या भांड्यात आणलं होतं, आणि पैलवान त्या बरणीतच राहू लागला. एक वळण घेतलं की शेपूट तोंडाशी यायची.

दसऱ्याची सुट्टी लागली आणि मुक्ता मामाकडं निघाली. जाताना तिनं मला बरणीपुढं उभं केलं.

"पप्पा, ह्याला जागा पुरंना झालीया. जरा मोठी टाकी बघा की."

"बघतो की!"

"पण लई मोठी नको हं."

'टाकी' हा शब्द कानावर पडल्यावर पुढचं वाक्य मी ऐकलंच नाही. माझ्या पोरीनं मला आयुष्यात पहिल्यांदा माझ्या धंद्यातलं काम सांगितलं होतं!

त्याच संध्याकाळी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. माझी बायको सुनंदा कॉलेजात मराठी शिकवते. आकडेमोडीशी तिचा संबंध नाही, आणि म्हणूनच तिला नेमके प्रश्न सुचतात.

"एवढं काय चाललंय?"

"टाकीचं डिझाइन. रोजची गरज काढली, त्यात उन्हाळ्यात आटणारं पाणी धरलं, आणि पुढच्या तीस वर्षांची लोकसंख्यावाढ मिळवली."

"कुणाची लोकसंख्या?"

"माशाची."

"अहो, एकटा आहे तो! आणि नर आहे!"

मी लोकसंख्या खोडली. पण एकदा मोठा आकडा डोक्यात बसला की माणूस खाली यायला तयार नसतो. उत्तर काही कमी झालं नाही.

शनिवारी मी बाजारात माशांच्या दुकानात गेलो. दुकानदार अघळपघळ गडी होता. त्यानं चपलांच्या खोक्याहून थोडी मोठी अशी एक काचेची टाकी पुढं केली.

"फायटरला न्हवं? ही बास होतीया की, सर."

"ही?" मी हसलो. "मी ह्याच क्षेत्रातला माणूस आहे."

त्यानं माझ्याकडं एकदा नीट बघितलं. मग चेहरा उजळला. "मग मागं चला, सर. तुमच्याजोगा माल हाय. एका हाटेलवाल्यानं सांगून करून घेतला आणि नेलाच न्हाय!"

मागं जे होतं त्याला टाकी म्हणायचं की शोकेस, हा प्रश्नच होता. उंची माझ्या छातीपर्यंत. आत मला मांडी घालून बसता आलं असतं. मी काचेवर बोटानं टकटक केली, जाडी बघितली, सांधे बघितले आणि समाधानानं मान हलवली. मासा कुठं बसेल, हे सोडून सगळं बघितलं.

टाकी आणायला आमचे शेजारी शंकरअण्णा आले. अण्णांचे घरीच माग आहेत. साड्या आणि सूत न्यायला त्यांच्याकडं मालाची रिक्षा असते. त्यांनी टाकीभोवती एक फेरी मारली.

"सायेब, मगर पाळूलासा काय?"

"मासा आहे, अण्णा. फायटर."

"त्यो बरणीतला?" अण्णांनी टाकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि देवाचं नाव घेऊन दोरी बांधायला लागले.

घरी आल्यावर कळलं, की मी टाकीचं माप घेतलं होतं, दाराचं घेतलं नव्हतं. आडवी घातली, तिरकी घातली, 'जरा वर, जरा माझ्याकडं, अण्णा बोट सांभाळा!' असं सगळं झालं. शेवटी दार बिजागऱ्यांतून काढून ओट्यावर टेकवून ठेवलं, तेव्हा कुठं टाकी आत आली. ठेवायची कुठं? एवढं वजन पेलणारं एकच टेबल होतं, आणि त्यावर टीव्ही होता. टीव्ही उतरवला. ऐन मालिकेच्या वेळेला.

आई कॉटवर बसून टाकीकडं बघत राहिली. "आता ह्यात काय दिसणार?"

"मासा दिसंल की, आई."

नळाला पाणी यायचा दिवस होता म्हणून निभावलं. घरातले सगळे हंडे, कळशा, बादल्या टाकीत रिकाम्या झाल्या, तरी ती आपली अर्ध्यावर! शेवटी नळाला रबरी नळी जोडून ती काठाशी आणली. आईची आंघोळ राहिली. सुनंदाचं धुणं राहिलं. दुकानदारानं दिलेलं औषध पाण्यात घातलं, तळाला खडे पसरले. पैलवानाला निवांत बसायला घर पाहिजे म्हणून माझ्या सामानातला प्लास्टिकच्या नळीचा एक जाड बाक, ज्याला प्लंबर एल्बो म्हणतात, खड्यांत रोवला. मग मोठ्या समारंभानं पैलवानाला आत सोडलं.

पैलवान गेला. कुठं गेला कळेना!

"तो बघा, डाव्या कोपऱ्यात," सुनंदा म्हणाली.

"तो खडा आहे."

शेवटी तो अगदी खाली दिसला, आणि आमच्या देखत वर यायला लागला. फायटरला हवा घ्यायला सारखं पाण्याच्या वर तोंड काढावं लागतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बिचारा शेपटीचं ते लटांबर सांभाळत वर यायचा, एक घोट हवा घ्यायचा, आणि दमून परत खाली जायचा. आमची आई गुडघे दुखतात म्हणून गच्चीवर जात नाही, आणि मी माशाला तीन मजली घर बांधून दिलं होतं!

त्यात मी फिल्टर सुरू केला. टाकीला शोभेल असा, भला दांडगा. बटण दाबलं मात्र, पाण्याला अशी धार लागली की पैलवान टाकीभर गरागरा फिरायला लागला. वॉशिंग मशिनमध्ये एखादा मोजा फिरावा तसा!

"बंद करा! बंद करा!" सुनंदा ओरडली.

"अरं, त्येला चक्कर येईल की!" आई ओरडली.

मी बटण बंद केलं. पैलवान थांबला, आमच्याकडं एकदा बघितलं (बघितलं, मी शपथेवर सांगतो) आणि खाली निघून गेला.

रविवारी सकाळी उठून बघतो तर टाकीत मासा नाही.

आधी वाटलं, दिसत नसेल. मग बॅटरी घेऊन चारी बाजूंनी बघितलं. खडे चाचपले, खुर्चीवर चढून, काठीनं! एल्बोत एका तोंडातून बॅटरी मारली, तर आत पांढरं प्लास्टिक. टाकीला झाकण नव्हतं. हॉटेलवाल्यानं सांगितलं नव्हतं म्हणून दुकानदारानं केलं नव्हतं, आणि मी मागितलं नव्हतं.

"उडी मारली असेल," सुनंदा हळूच म्हणाली.

मग आम्ही तिघं जमिनीवर आलो. कॉटखाली, कपाटाखाली, चपलांत. आईनं स्वतःचं लुगडं झटकून बघितलं. आणि तेवढ्यात आमची सगळ्यांची नजर एकदम उंबऱ्यावर गेली. काल काढलेलं दार अजून ओट्यावरच होतं, आणि मोकळ्या उंबऱ्यात शंकरअण्णांचं मांजर बसून निवांत तोंड चाटत होतं.

आई खाली बसली. "खाल्लं बघ."

मी रिकामी बरणी उचलून पुसायला लागलो. एवढासा जीव. बरणीत होता तेव्हा सुखानं होता.

आणि फोन वाजला. मुक्ता! तोही व्हिडिओवर.

"पप्पा, मामा आजच सोडायला येतोय मला. जेवून निघतोय! पैलवान कसा हाय? दाखवा की!"

मी फोन टाकीसमोर धरला. "हे बघ, नवीन टाकी."

"बाप रे! पैलवान कुठाय?"

"आहे की... मागच्या बाजूला. झोपलाय."

"दिवसा?"

"काल घर बदललं न्हवं, दमलाय." एवढं बोलून मी फोन ठेवला. मागं सुनंदा कपाळाला हात लावून उभी होती.

"ती येईल तेव्हा काय सांगणार आहात?"

"दुसरा आणतो. अगदी तसाच."

"तसाच म्हणजे कसा?"

आता बघा, आठवडेच्या आठवडे तो मासा आमच्या डोळ्यांसमोर होता. मी म्हटलं निळा. सुनंदा म्हणाली हिरवा. आई म्हणाली जांभळा, "माझ्या त्या जरीच्या साडीवानी." एवढ्यात शंकरअण्णा आले. मांजराचा पराक्रम त्यांच्या कानावर गेला होता आणि त्यांचा चेहरा एवढासा झाला होता.

"अय्यो, लेकराचा मासा खाल्ला व्हय आमच्या मांजरानं!" ते म्हणाले. "सायेब, तुमी काळजी करू नगा. रंग मला पाठ हाय. मोरपंखी अंग, आणि पदराला तांबडी झाक. असलीच साडी गेल्या महिन्यात उतरलीया मागावरनं."

अण्णांनी घरातून मोरपंखी सुताची एक कांडी आणि तांबड्या सुताची एक कांडी खिशात घातली आणि आम्ही दुकानात गेलो. तिथं ओळीनं बरण्या मांडलेल्या, प्रत्येकीत एक फायटर. अण्णा एकेका बरणीला कांडी लावून बघत चालले. "ह्यो फिका. ह्यो लई गडद. ह्येचा पदर बसंना." दुकानदार तोंड उघडं टाकून बघत होता. शेवटच्या बरणीपाशी अण्णा थांबले, दोन्ही कांड्या लावल्या आणि म्हणाले, "ह्यो घ्या!"

खरंच, हुबेहूब पैलवान! मला एवढं हायसं वाटलं की मी दुकानातच अण्णांना मिठी मारली.

घरी येऊन नवा मासा टाकीत सोडला. तो ऐटीत एक फेरी मारून आला. सुनंदानं चहा टाकला. आम्ही चौघं टाकीसमोर बसलो आणि पहिला घोट घेतला. सगळं सुरळीत झालं होतं. बशीतला चहा फुंकता फुंकता आई म्हणाली, "ह्येला आरसा लावलास व्हय रं मागं?"

"नाही. का?"

"मग ह्यो दुसरा कोण?"

मी बघितलं. एल्बोच्या दुसऱ्या तोंडातून आधी एक नाक बाहेर आलं. मग कल्ले. मग मोरपंखी अंग, तांबडी झाक, ती ओळखीची शेपूट. पैलवान! आदल्या दिवशी गरागरा फिरल्यावर तो जो त्या एल्बोत शिरला होता, तो आमचं लक्ष नसताना हवेपुरता वर येऊन परत आत जात होता, आणि आता आमच्या देखत बाहेर येत होता. (एल्बोला मधे वळण असतं. एका तोंडातून बघितलं तर वळणापलीकडचं दिसत नाही. हे मला कळायला हवं होतं. तो मीच निवडला होता.)

"जिवंत आहे!" मी आनंदानं ओरडलो.

"अहो, दोन आहेत!" सुनंदा किंचाळली.

आणि दोघांनी एकमेकांना बघितलं.

कल्ले फुगले. शेपट्या पंख्यासारख्या उघडल्या. असे दोघं समोरासमोर उभे, की आखाड्यात हलगी तेवढी वाजायची राहिली होती! मग एकानं झडप घातली. कुणी घातली ते विचारू नका. अण्णांनी दोन्ही कांड्या जुळवून आणल्यामुळं आमचा कुठला आणि पाव्हणा कुठला, हेच कळत नव्हतं!

"काढा त्याला!" "कुणाला?" "कुणालाबी!"

दुकानातनं मिळालेली इवलीशी जाळी मी आत घातली. ती पाण्याच्या मध्यापर्यंत पोचली, आणि मासे तळाशी लढत होते. मी खुर्चीवर चढलो, खांद्यापर्यंत हात घातला, तरी वीतभर कमीच. सुनंदानं चहाची गाळणी लाटण्याला बांधून दिली. गाळणी सुटली आणि तळाला जाऊन बसली. मासे क्षणभर गाळणीकडं बघून परत भांडायला लागले.

"पाणी उपसूया!" अण्णांनी कालची रबरी नळी टाकीत घातली, दुसरं टोक तोंडात धरून ओढलं, आणि पाणी सुरू झालं. फक्त दुसऱ्या टोकाखाली बादली ठेवायची राहिली. पाणी फरशीवरून, आईच्या पायांवरून, मोकळ्या उंबऱ्यावरून थेट गल्लीत!

"वाहू दे!" आई म्हणाली. तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट केला, "परात आण गं, सुनंदा!"

ही पितळी परात आमच्याकडं कणीक मळायची. सुनंदानं ती उभी धरून टाकीत घातली आणि जोर लावून दोघांच्या मधे नेऊन रोवली. एक मासा इकडं, एक मासा तिकडं. दोघंही परातीतल्या आपल्याच प्रतिबिंबावर कल्ले फुगवायला लागले, पण निदान चावायला तरी काही उरलं नव्हतं! पाणी गुडघाभर उरल्यावर मी पीठ चाळायच्या चाळणीत एकाला उचललं आणि पातेल्यात सोडलं. दुसरा बरणीत. पातेल्यावर चाळणी पालथी घातली, बरणीवर झाकण टेकवलं.

आम्ही चौघं ओणवे होऊन बघत राहिलो. एकाच्या शेपटीची कड फाटली होती. दुसऱ्याचा एक खवला गेला होता. पण दोघंही वर आले, हवेचा घोट घेतला, परत खाली गेले. परत वर आले.

"हैत," आई म्हणाली. "दोघंबी हैत."

मी ओल्या फरशीवर तसाच बसलो. एवढं हलकं मला माझी पहिली टाकी पाण्यानं भरून, न गळता उभी राहिली तेव्हासुद्धा वाटलं नव्हतं.

आणि त्याच वेळी उंबऱ्यात मुक्ता उभी होती. खांद्याला बॅग, मागं मामा. दार नाही, घरात पाणी, बाप खांद्यापर्यंत भिजलेला, आजीचा काष्टा खोचलेला, शेजारचे अण्णा हातातली नळी खाली ठेवायची विसरलेले.

"काय झालं?"

मी बोलायला तोंड उघडलं. सकाळपासून तयार केलेल्या थापा एकामागोमाग एक आठवल्या, आणि एकही त्या देखाव्याला पुरेना. शेवटी आईनंच सांगितलं, सगळं, अगदी मगरीपासून. मुक्ता ऐकत ऐकत पातेल्यापाशी गेली, मग बरणीपाशी. बरणीच्या काचेला तिनं बोट लावलं. आतला मासा सरळ बोटापाशी आला आणि काचेपलीकडं थांबला. तिनं बोट डावीकडं नेलं, तो डावीकडं. उजवीकडं नेलं, तो उजवीकडं.

"ह्यो पैलवान," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "शेपूट फाटलीया ह्याची."

"परत येते ती," मामानं सांगितलं. "पाणी स्वच्छ ठेवलं की भरून येते." (आली. थोड्याच आठवड्यांत आली. तोवर मी रोज ऑफिसला जाताना शेपटीला नमस्कार करून जात होतो.)

"आणि ह्यो कोण?"

"पाव्हणा," आई म्हणाली. नाव तेच पडलं.

दुसऱ्या दिवशी मुक्ता मला घेऊन दुकानात गेली. म्हणजे, मला पिशवी धरायला. तिनं दोन टाक्या निवडल्या, पहिल्या दिवशी दुकानदारानं मला दाखवली होती अगदी तशाच. उंचीला कमी, लांबीला जास्त, पंधरा-वीस लिटर पाणी मावेल एवढ्या, वर झाकण, आणि पाणी जेमतेम हलवणारा फिल्टर. दोन टाक्यांच्या मधे एक पुठ्ठा, म्हणजे पैलवान आणि पाव्हण्यानं एकमेकांचं तोंड बघायला नको. आता एक घोट हवा घ्यायला पैलवानाला फक्त मान वर करावी लागते.

दार परत बसलं. टीव्ही परत आला. मोठी टाकी परसात गेली. शंकरअण्णांनी रीतसर खाली भोकं पाडून दिली आणि आईनं त्यात मेथी लावली. ती एवढी दाट आली की अर्ध्या गल्लीला पुरते. मांजराची बदनामी झाली म्हणून अण्णांच्या सांगण्यावरून मी मांजराची माफीसुद्धा मागितली. त्यानं तोंड चाटलं.

परवा मामाचा फोन आला. मुक्तानं स्पीकरवर टाकला.

"काय गं, मासे कसे हैत?"

"दोघंबी मस्त हैत, मामा."

"आणि पप्पा?"

"पप्पाबी बरे हैत. त्यांना आता टाकीजवळ जायला परवानगी दिलीया," मुक्ता म्हणाली, "पण नुसतं बघायला. आणि तेबी आज्जी शेजारी बसली असंल तरच!"